आधी प्रश्न तपासा, मग उत्तरे मोजा

प्रति,
माननीय संचालक,
नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ,
बेथेस्डा, मेरीलँड, अमेरिका

महोदय,

अमेरिकेच्या 2020च्या जनगणनेत 6 कोटी 21 लाख लोकांनी आपली नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली. त्यांतल्या कोट्यवधी प्रौढांच्या घरात स्पॅनिश बोलली जाते. त्यांचा रक्तदाब मोजायचा तर दंडाला पट्टा बांधून भागते, साखर मोजायची तर रक्ताचा थेंब पुरतो. पण त्यांचे नैराश्य, धास्ती, एकटेपणा, मनाची उभारी, घरच्या माणसांचा आधार हे मोजायचे तर प्रश्न विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही. हे प्रश्न बहुतेक वेळा आधी इंग्रजीत रचले जातात, मग स्पॅनिशमध्ये आणले जातात, आणि दोन्ही भाषांतल्या उत्तरांचे गुण एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले जातात. ते शेजारी ठेवण्याजोगे आहेत का, हे तपासण्याचे काम अजूनही ऐच्छिक मानले जाते. ते सक्तीचे करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

पत्र मी पुण्यात बसून मराठीत लिहिते आहे, याचे कारण सांगते. भारतातल्या 45 वर्षांपुढच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून 72 हजारांहून अधिक जणांची मोठी पाहणी 2017-18 मध्ये सुरू झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती चालवली आणि तिला भारत सरकारबरोबरच आपल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचाही पैसा मिळाला. मनाची स्थिती कळावी म्हणून तिच्यात ‘सीईएस-डी’ ही नैराश्याची प्रश्नावली दहा प्रश्नांच्या रूपात घेतली गेली. ब्रॉन्क्स आणि मायामीतल्या स्पॅनिशभाषक प्रौढांनाही त्याच प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारले गेले होते. म्हणजे स्पॅनिशच्या बाबतीत आपण जो पायंडा पाडाल, तो उद्या साताऱ्यातल्या आणि परभणीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या उत्तरांनाही लागू होईल. स्पॅनिशवर निदान पन्नास वर्षे काम झाले आहे. मराठीच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही आलेला नाही. त्यामुळे स्पॅनिशचा अनुभव आम्हाला दुरून पाहण्याची गोष्ट वाटत नाही.

अगदी साध्या प्रश्नापासून सुरुवात करते. “तुमची प्रकृती एकंदरीत कशी आहे?” हा आरोग्यविषयक पाहण्यांतला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असावा. इंग्रजीत उत्तराचे पाच पर्याय आहेत: उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, ‘फेअर’ आणि वाईट. अहवालात शेवटचे दोन पर्याय बेरजेला धरून “प्रकृती खराब असलेले लोक” असा आकडा देण्याची पद्धत आहे. स्पॅनिश फॉर्मवर ‘फेअर’च्या जागी ‘रेगुलार’ छापलेले असते. आता मेक्सिकोतल्या एखाद्या गवंड्याला विचारा. ‘रेगुलार’ म्हणजे त्याच्या लेखी ठीकठाक, आपण मराठीत “बरं आहे” म्हणतो तसे. तक्रार नाही, कौतुकही नाही. तो ठीकठाक म्हणतो आणि तक्ता त्याला आजाऱ्यांत टाकतो. 2011 मध्ये एडना विरुएल-फ्वेंतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख नियतकालिकात हेच दाखवले: लॅटिनो लोक आपली प्रकृती खराब सांगतात असे जे दिसते, त्याचा मोठा वाटा मुलाखत स्पॅनिशमध्ये झाली की इंग्रजीत, यावर अवलंबून असतो.

हे प्रकरण छोटे वाटेल, पण त्यामागचे कोडे मोठे आहे. किरियाकोस मार्कीडिस आणि जेनीन कोरील यांनी 1986 मध्ये दाखवून दिले, की नैर्ऋत्य अमेरिकेतले हिस्पॅनिक लोक गरीब असूनही त्यांचे मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांच्या बरोबरीचे आहे. पुढे ती बरोबरीही मागे पडली. 2019 साली हिस्पॅनिकांचे सरासरी आयुर्मान जवळपास 82 वर्षे होते आणि गोऱ्यांचे 79च्या आसपास. कोविडने त्यातली कित्येक वर्षे हिरावून घेतली, ही वेगळी आणि फार दुःखाची गोष्ट आहे. पण कमी पैसा, कमी विमा, कष्टाची कामे आणि तरी जास्त आयुष्य, याचे उत्तर शोधताना संशोधक साहजिकच मनाकडे वळले: कुटुंबाची घट्ट वीण, देवावरची श्रद्धा, शेजारपाजार. आता हे सगळे ज्या फूटपट्टीने मोजायचे तीच “ठीक आहे”ला “आजारी आहे” म्हणत असेल, तर या कोड्याचे कुठलेही उत्तर खात्रीचे कसे मानायचे?

‘सीईएस-डी’चेच पाहा. लेनोर रॅडलॉफ यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेली ही वीस प्रश्नांची मूळ प्रश्नावली, आज आपल्या छत्राखाली असलेल्या मानसिक आरोग्य संस्थेतली. इंग्रजीभाषक गोऱ्या लोकांच्या उत्तरांत मनाची उदासी आणि शरीराची मरगळ या दोन गोष्टी वेगवेगळ्या पडतात. 1982 ते 84 या काळात नैर्ऋत्येतले मेक्सिकन, मायामीकडचे क्यूबन आणि न्यूयॉर्कजवळचे प्वेर्तो रिकन यांची मोठी पाहणी झाली. तिच्या आकड्यांवरून पीटर ग्वार्नासिया आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवले, की या लोकांच्या उत्तरांत उदासी आणि मरगळ एकमेकींत मिसळून जातात. यावर काही जणांनी सरधोपट निष्कर्ष काढला: हे लोक मनाचे दुखणे शरीराच्या तक्रारींतून सांगतात, त्यांना भावना नीट ओळखता येत नाहीत. मला हा निष्कर्ष मान्य नाही. उदास माणसाचे अंग दुखते, झोप उडते, अन्न गोड लागत नाही. यांतले मन कुठे संपते आणि शरीर कुठे सुरू होते, ही रेघ प्रश्नावली लिहिणाऱ्याने ओढलेली आहे. सगळ्या माणसांनी आपले दुःख त्या रेघेवर चिरून द्यावे, अशी अपेक्षा का करायची?

त्याच प्रश्नावलीत चार प्रश्न उलट्या बाजूचे आहेत. त्यांतला एक भविष्याबद्दल आशा वाटण्याचा. मराठीत तो विचारताना मी अनेकदा एकच उत्तर ऐकले आहे: “ते आपल्या हातात का आहे? देवाच्या हातात.” असे म्हणणारी बाई निराश नसते. उद्याबद्दल फार ठामपणे बोलू नये, हा तिच्यावरचा संस्कार असतो. स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिक घरांत “देवाची इच्छा असेल तर” हे शब्द उद्याच्या प्रत्येक बेताला जोडले जातात. अशा माणसाने आशेच्या प्रश्नाला “क्वचित” म्हटले, तर त्याच्या खात्यावर नैराश्याचे गुण चढतात.

मग उत्तर देण्याच्या सवयीचा भाग येतो. हॅरी हुई आणि हॅरी ट्रायँडिस यांचा 1989चा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन नौदलातल्या हिस्पॅनिक जवानांना पाच पायऱ्यांची श्रेणी दिली, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त वेळा दोन्ही टोकांची उत्तरे देत होते. श्रेणी दहा पायऱ्यांची केली, आणि हा फरक उरला नाही. कागदावरच्या चौकोनांची संख्या तेवढी बदलली होती. त्याच ट्रायँडिस यांनी आणि हेरार्दो मारीन यांनी ‘सिंपातिया’बद्दलही लिहिले आहे. समोरच्याशी सलोख्याने वागावे, त्याचे मन मोडू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. घरी आलेल्या मुलाखत घेणाऱ्या मुलीला “नाही, नाही” म्हणत राहणे अशा माणसाला बरे वाटत नाही, आणि होकाराची संख्या वाढते. हा काही लोकांचा दोष नाही. पण संशोधकाने तो हिशेबात धरला नाही, तर तो संशोधकाचा दोष होतो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत जास्त सतावतो: जे विचारलेच जात नाही त्याचे काय?

ऑक्टोबर 1985 मध्ये प्वेर्तो रिकोत भयंकर पाऊस झाला. पोन्से शहराजवळची मामेयेस ही डोंगरउतारावरची गरीब वस्ती रात्रीत दरडीखाली गेली. शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर तिथल्या लोकांच्या मानसिक आरोग्याची पाहणी झाली. ग्लोरिसा कॅनिनो आणि मिलाग्रोस ब्राव्हो यांनी अमेरिकेतली निदानाची मुलाखत बेटावरच्या लोकांसाठी नुसती भाषांतरित न करता जुळवून घेतली होती. या पाहणीत लोकांना थेट विचारले गेले, की तुम्हाला कधी ‘आताके दे नेर्व्हिओस’ आला होता का. घरातल्या मृत्यूची बातमी येते, कडाक्याचे भांडण होते, आणि माणूस ओरडू लागतो, थरथरतो, छातीतून डोक्याकडे आग चढल्यासारखी वाटते, कधी शुद्ध हरपते. बेटावर हा प्रकार प्रत्येकाला नावाने ठाऊक आहे. 16 टक्के लोकांनी हो म्हटले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत कुठल्या ना कुठल्या मानसविकाराचे निदान बसत होते. बऱ्याच जणांत बसत नव्हते. म्हणजे निदानांच्या यादीबाहेर एवढे मोठे दुःख उभे होते आणि एक प्रश्न वाढवल्यावर ते दिसले. 1950च्या दशकात अमेरिकन लष्करातल्या डॉक्टरांनी याच अवस्थेला ‘प्वेर्तो रिकन सिंड्रोम’ असे नाव देऊन एका लोकसमूहावर शिक्का मारला होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या परिशिष्टात तिला जागा मिळाली ती 1994 साली.

दुसरे उदाहरण मेक्सिकोतल्या वाहाका राज्याचे. ‘सुस्तो’ म्हणजे दचकण्यातून, भीतीतून लागलेले दुखणे. आत्मा शरीरापासून सुटला असे लोक मानतात. माणूस खंगतो, सुस्तावतो, त्याला कशात रस वाटत नाही. आर्थर रूबेल, कार्ल ओ’नेल आणि रोलांदो कोयादो-आर्दोन यांनी तिथल्या तीन समाजांत सुस्तो झालेल्यांची तुलना इतर आजाऱ्यांशी केली आणि 1984 मध्ये ग्रंथ लिहिला. प्रचलित मानसिक चाचणीच्या गुणांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण सुस्तोवाल्यांवर सामाजिक ताण जास्त होता, शरीराचे आजार जास्त होते, आणि सात वर्षांनंतर पाहिले तेव्हा त्यांच्यात मृत्यूही जास्त झालेले होते. महोदय, बाहेरून आणलेल्या चाचणीला जे दिसले नाही, ते गावातल्या लोकांच्या एका नावाला दिसले होते. आरोग्याशी निगडित मानसिक घटक मोजायचे म्हणतो, तेव्हा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आपल्या संस्थेने या दिशेने मोठे काम केले आहे, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. 2008 ते 2011 या काळात ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथे 18 ते 74 वयाच्या 16,415 हिस्पॅनिक प्रौढांची नोंदणी करून जो दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला, तो या विषयातला आजवरचा सर्वांत भक्कम पाया आहे. त्यातल्या पाच हजारांहून अधिक लोकांशी ताण, भेदभाव, कुटुंब, श्रद्धा यांबद्दल वेगळे, सविस्तर बोलणे झाले. बहुतेक मुलाखती स्पॅनिशमध्ये झाल्या. आणि या अभ्यासाने लोकांना त्यांच्या मूळ प्रदेशानुसार वेगळे मोजले. म्हणून कळले, की नैराश्याची लक्षणे जास्त असलेल्यांचे एकंदर प्रमाण 27 टक्के असले, तरी मेक्सिकन मुळाच्या लोकांत ते 22 टक्क्यांच्या आसपास आहे आणि प्वेर्तो रिकन लोकांत 38 टक्के. एकूण सहभागींपैकी नैराश्यावरची औषधे घेणारे मात्र अवघे 5 टक्के. इतका फरक असताना “हिस्पॅनिकांमधले नैराश्य” असा एकच आकडा छापणे म्हणजे दोन वेगळ्या हंड्यांतला भात एकाच शितावरून पारखणे आहे.

हा फरक खरा किती आणि मोजण्यातला किती? प्वेर्तो रिकोच्या लोकांकडे 1917 पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. सीमा ओलांडण्याची जीवघेणी चाळणी त्यांना लागत नाही, त्यामुळे फक्त धडधाकट माणसेच येतात असे होत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो परगण्यातल्या मेक्सिकन मुळाच्या लोकांवर विल्यम व्हेगा आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये जे प्रसिद्ध केले, ते इथे आठवते. आयुष्यात कधीतरी मानसविकार झालेल्यांचे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांत 48 टक्के होते, स्थलांतरितांत 25 टक्क्यांच्या आसपास. पुढे मार्गारिता आलेग्रिया यांनी देशभरच्या पाहणीवरून दाखवले, की स्थलांतरितांना मिळणारे हे संरक्षण मेक्सिकन लोकांत दिसते, प्वेर्तो रिकन लोकांत दिसत नाही. तेव्हा फरकात तथ्य आहेच. पण त्याच वेळी ‘नेर्व्हिओस’ची भाषा घरोघरी बोलणारे लोक लक्षणे मोकळेपणाने सांगत असतील, हेही शक्य आहे. एकाच तीव्रतेच्या दुःखाला दोन गटांतली माणसे एकच उत्तर देतात का, हे प्रश्नागणिक तपासण्याची संख्याशास्त्रीय रीत उपलब्ध आहे, गेली कित्येक दशके आहे. ती वापरल्याशिवाय 38 आणि 22 यांची तुलना धोरणाच्या टेबलावर येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि ‘स्पॅनिशभाषक’ या शब्दाच्या पोटात तरी कोण कोण आहे? ग्वातेमालाहून आलेला माम बोलणारा मजूर आहे, वाहाकाहून कॅलिफोर्नियाच्या शेतांवर आलेली मिश्तेक बोलणारी बाई आहे. स्पॅनिश त्यांचीही शिकलेली भाषा. त्यांच्याकडून सगळ्यांना चालेल अशा सर्वसाधारण स्पॅनिशमधला फॉर्म भरून घेतला, तर दोन भाषांतरे पार करून उत्तर येते. आपल्या मोठ्या प्रश्नसंचांचे भाषांतर काळजीने होते हे मला ठाऊक आहे: दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात, तिसरा मेळ घालतो, चौथा ते परत इंग्रजीत आणतो, मग काही लोकांशी बसून प्रत्येक प्रश्न त्यांना कसा समजला ते विचारले जाते. यातली शेवटची पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि वेळ कमी पडला की कात्री तिलाच लागते.

चांगल्या कामाचे नमुने आहेत. चार्ल्स स्पीलबर्गर यांची चिंतेची प्रश्नावली स्पॅनिशमध्ये आली, ती 1975 मध्ये मेक्सिकोचे मानसशास्त्रज्ञ रोहेलिओ दियास-गेरेरो यांच्या बरोबरीच्या सहभागाने. त्याच दियास-गेरेरो यांनी मेक्सिकन लोकांच्या म्हणी आणि रोजच्या बोलण्यातून त्यांच्या कौटुंबिक धारणा गोळा केल्या आणि त्यांचीच मोजपट्टी केली. रिचर्ड सेर्व्हांतेस, आमादो पादिया आणि नेली साल्गादो दे स्नायडर यांनी 1990च्या सुमाराला हिस्पॅनिकांच्या ताणाची प्रश्नावली तयार केली. त्यांनी आधी लोकांनाच विचारले, की तुम्हाला कशाचा त्रास होतो. मग त्यात कागदपत्रांची भीती आली, मागे राहिलेली मुले आली, भाषा न येण्याचा अपमान आला. स्थलांतरितांसाठी एक आणि अमेरिकेत जन्मलेल्यांसाठी दुसरी, अशा दोन प्रती केल्या. वेळ लागला, पैसा लागला. पण तिच्या उत्तरांचा अर्थ लावताना संशोधकाला अंदाज बांधावा लागत नाही.

महोदय, ही वेळ अवघड आहे. 1 मार्च 2025च्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात यासाठी 2000 साली निघालेला आदेश रद्द झाला. इतर भाषांतल्या सेवा बंद कराव्यात असे मात्र नवा आदेश कुठेही सांगत नाही. निर्णय त्या त्या संस्थेवर सोडला आहे, म्हणजे आपल्यावर. अल्पसंख्याकांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी आपली संस्थाच 2026च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात बंद करायची सुचवली होती. दुसरीकडे 1993चा कायदा उभा आहे. अल्पसंख्याकांना संशोधनात घ्यावेच लागेल, खर्च जास्त येतो ही सबब चालणार नाही, असे तो सांगतो. माझ्या मते माणसाला संशोधनात घेणे म्हणजे त्याला कळेल असा प्रश्न विचारणेही आले.

म्हणून माझ्या मागण्या अशा. आपल्या पैशावर चाललेल्या कोणत्याही अभ्यासात दोन भाषांतल्या किंवा दोन समूहांतल्या मानसिक गुणांची तुलना करायची असेल, तर प्रश्नावली दोन्हीकडे सारखी चालते याचा पुरावा अर्जातच मागावा आणि तो मिळवण्यासाठी वेगळा निधी द्यावा. मार्च 2024 मध्ये अमेरिकेने वंश आणि मूळ यांच्या नोंदीचे नवे निकष ठरवताना मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, साल्व्हादोरन, क्यूबन, दोमिनिकन, ग्वातेमालन अशी सविस्तर नोंद हाच नेम केला. आपले अहवालही त्याच तपशिलाने निघावेत. ‘आताके’ आणि ‘सुस्तो’सारख्या लोकांच्या स्वतःच्या तक्रारी मोठ्या पाहण्यांत नियमाने विचाराव्यात. चार शहरांतला तो दीर्घ अभ्यास कुठल्याही कपातीत अडकू देऊ नये, आणि त्यातले द्विभाषक मुलाखतकार तर मुळीच कमी करू नयेत. एखाद्या बाईचे दार उघडते ते त्यांच्या ओळखीमुळे. 2016च्या कायद्याने आपल्या संशोधनातल्या सहभागींच्या माहितीला गुप्ततेचे जे कवच दिले आहे, ते स्थलांतर खात्यासमोरही अभेद्य राहील, हे आपण स्वतः, जाहीरपणे आणि स्पॅनिशमध्ये सांगावे. घाबरलेल्या माणसाचे उत्तर कुठल्याही मोजपट्टीवर खरे उतरत नाही.

आणि भारतातल्या पाहणीची पुढची फेरी आपल्या मदतीने होईल, तेव्हा मराठीतल्या त्या दहा प्रश्नांचीही अशीच तपासणी करण्यासाठी तिच्यात तरतूद ठेवावी, ही आग्रहाची विनंती.

आपली,
मानसिक आरोग्याच्या प्रश्नावल्यांची एक अभ्यासक,
पुणे